परदेशगामी माल आणि आपली सही

(जळोची येथे भरलेल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आमच्यासारख्या एका सेवानिवृत्त शिक्षकास व्यापाराच्या विषयावर बोलावयास उभे करावे, हे काही जणांस विचित्र वाटेल. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उभी हयात गेली ती मुलांस शुद्धलेखन व त्रैराशिक शिकविण्यात. परंतु निवृत्तीनंतरच्या काळात आपल्या ज्ञातीतील बागाईतदार कुटुंबांनी आमच्याकडे वाचून घेण्यासाठी जे कागद आणले, ते पाहता निर्यातीच्या धंद्यात ह्या दोनच विद्यांची सर्वांत अधिक गरज आहे असे आमचे मत बनले आहे. म्हणून मंडळाने विषय सुचविताच आम्ही होकार दिला.

ज्या जळोचीत आपण आज जमलो आहोत ती एके काळी बारामतीच्या वेशीबाहेरची वाडी होती. आज ती बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या भागात खेळू लागले, त्यामागून ऊस आला आणि उसामागून द्राक्ष व डाळिंब आले. मोरोपंतांची बारामती आता फळांसाठीही ओळखली जाते. येथेच बाजार समितीचा उपबाजार आणि फळे व भाजीपाला हाताळणी केंद्र आहे. १९८९ साली सुरू झालेले न्हावाशेवा बंदर येथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरांच्या अंतरावर आहे. आपल्या वडिलांच्या पिढीचा माल पुण्या-मुंबईच्या आडत्याकडे जाई. माल खराब निघाला तर पट्टी कमी येई, आणि घरात चार दिवस कुरकुर होई. प्रकरण तेवढ्यावर मिटे. परदेशी जाणाऱ्या मालाचे तसे नाही. तेथे फळ तर तपासतातच. पण फळ ज्या लाकडावर बसून गेले ते लाकूड तपासतात, आणि फळाबरोबर गेलेला प्रत्येक कागदही तपासतात. तिन्हींपैकी एक जरी नापास झाले, तरी माल दाराशी अडतो.

प्रथम लाकडाचे पाहू, कारण त्याकडे कोणाचेच लक्ष नसते.

फळांची खोकी सुटी सुटी कंटेनरमध्ये भरीत नाहीत. जेवावयास बसण्याच्या पाटासारखा, परंतु पुरुषभर लांबीच्या मानाने थोडा आखूड असा एक मोठा लाकडी पाट असतो. त्यास पॅलेट म्हणतात. १,२०० मिलिमीटर लांब आणि १,००० मिलिमीटर रुंद हे त्याचे एक प्रचलित माप. त्यावर खोक्यांची थप्पी रचावयाची, चार कोपऱ्यांस उभ्या पट्ट्या लावावयाच्या, भोवती पट्टे आवळावयाचे, आणि मग यंत्राने तो सबंध मनोरा उचलून पेटीत ठेवावयाचा. चाळीस फुटी शीतपेटीत असे साधारण वीस मनोरे मावतात. ह्यातही शास्त्र आहे. खोक्याचे बहुतेक बळ त्याच्या चार कोपऱ्यांत असते. म्हणून कोपऱ्यावर कोपरा यावा, आणि खोके पाटाच्या कडेबाहेर बोटभरही लोंबू नये. लोंबले की खालची खोकी दबतात व तळच्या घडांचा चिखल होतो. भोकावर भोक यावे, कारण शीतपेटीत गार वारा तळातून वर चढतो. त्याची वाट बुजली तर आतले फळ गरम राहते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा युरोपास जाणारी जहाजे आफ्रिकेस वळसा घालून जाऊ लागली व प्रवास कित्येक दिवसांनी लांबला. अशा वेळी थप्पी नीट रचलेली असणे हाच फळास आधार. रचणीचे हे काम पॅकहाऊसमध्ये बहुतांशी आपल्या भगिनीच करतात. त्यांच्या हातातील सफाईचा मोबदला त्यांस पुरेसा मिळतो असे आम्हांस वाटत नाही. पण तो विषय आज नाही.

आता त्या पाटाच्या लाकडाविषयी. १९९६ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील झाडांत आशियातील एक लांब शिंगांचा भुंगेरा आढळला. तो मालाच्या लाकडी वेष्टनातून समुद्र ओलांडून गेला असावा, असे तेथील जाणकारांचे मत पडले. त्यापायी हजारो झाडे तोडावी लागली. पुढे २००२ साली सर्व राष्ट्रांसाठी एक मानक ठरले. परदेशी जाणाऱ्या कच्च्या लाकडाच्या पाटाचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापून सलग ३० मिनिटे त्या उष्णतेत राहिले पाहिजे, किंवा त्यास मान्य वायूची धुरी दिली पाहिजे, आणि त्याची खूण म्हणून पाटावर सहज दिसेल अशा जागी, शक्यतो समोरासमोरच्या किमान दोन बाजूंवर, ठसा उमटविला पाहिजे. ह्या ठशात गव्हाच्या लोंबीचे चित्र, देशाची अक्षरे, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेचे नाव असते. उष्णतेची असेल तर ‘एच.टी.’ ही अक्षरे दिसतील. ठसा हाताने काढलेला चालत नाही. प्लायवूडच्या पाटास हा नियम लागू नाही, कारण ते तयार होतानाच तापलेले असते.

ह्या ठशाने आपल्याच माणसांस काय भोगावे लागले ते सांगतो. काही हंगामांपूर्वी बारामती व इंदापूर तालुक्यांतील आपल्या चार कुटुंबांनी मिळून युरोपास द्राक्षांची एक पेटी पाठविण्याचे ठरविले. कागद लावून देण्यासाठी आम्ही पॅकहाऊसवर होतो. फळ उत्तम होते. मणी एकसारखे, रंग एकसारखा, साखरही पुरेशी उतरलेली. सायंकाळी तपासणीस आलेल्या गृहस्थांनी द्राक्षांकडे पाहण्याआधी खाली वाकून पाटांकडे पाहिले. ठसे होते, परंतु कित्येक फळ्यांच्या कडेस झाडाची साल तशीच होती, आणि दोन ठोकळ्यांखाली पिवळट भुकटी सांडलेली होती. पॅलेट विकणाऱ्याने जुने मोडके पाट घेऊन त्यांत अर्ध्याहून अधिक नव्या, न तापविलेल्या फळ्या ठोकल्या होत्या आणि जुना ठसा तसाच राहू दिला होता. नियम असा आहे की, पाटाचा सुमारे एकतृतीयांशाहून अधिक भाग बदलला तर जुने ठसे पुसून टाकावेत, सबंध पाटावर पुन्हा प्रक्रिया करावी व नवा ठसा उमटवावा. झाले! वीस मनोरे उतरविणे आले. नवे पाट रातोरात मिळविले, तीन हजार खोकी हातांनी काढून पुन्हा रचली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक निघाला तोवर जहाजासाठी माल घेण्याची वेळ टळून गेली होती. पुढचे जहाज आठ दिवसांनी होते. आठ दिवस शिळे झालेले द्राक्ष आठ दिवस पडलेल्या बाजारात पोहोचले. त्या चार घरांपैकी एका घरी वैशाखात ठरलेले लग्न तुळशीच्या लग्नापलीकडे गेले.

दोष पॅलेट विकणाऱ्याचा होता ह्यात शंका नाही. परंतु त्याजकडे भरपाई मागावयास गेल्यावर असे दिसले की व्यवहार तोंडी झालेला, पावती नाही, प्रक्रियेचा दाखला नाही. तो माणूस ‘माझे पाट हेच कशावरून?’ असे म्हणाला, आणि त्यावर आपल्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून पाट विकत घेताना बिलावर ठशातील क्रमांक लिहून घ्यावा आणि प्रक्रियेच्या दाखल्याची प्रत घ्यावी. सालीचा तुकडा दिसला तर पाट जागच्या जागी परत करावा. ह्याला पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

आता वजनाकडे वळू. येथे आम्ही फळ्यावर एक हिशेब मांडला होता, तो वाचकांसाठी पुन्हा देतो. समजा, वीस पाट आहेत आणि प्रत्येकावर १५० खोकी. एकूण खोकी ३,०००. प्रत्येक खोक्यात साडेचार किलो द्राक्ष; म्हणजे निव्वळ वजन १३,५०० किलो. खोके, पिशव्या व कागद धरून प्रत्येक खोके पाच किलोंचे झाले, तर १५,००० किलो. प्रत्येक पाट, कोपरपट्ट्या व पट्टे मिळून २५ किलो धरले तर त्यात ५०० मिळवावयाचे. ढोबळ वजन १५,५०० किलो. रिकाम्या पेटीचे वजन तिच्या दारावर लिहिलेले असते, ते ४,७०० धरू. भरलेल्या पेटीचे वजन २०,२०० किलो. हे चौथे वजन खात्रीपूर्वक मोजून जहाज कंपनीस कळविल्यावाचून पेटी जहाजावर चढत नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै २०१६ पासून आहे.

चौथीच्या मुलास येईल असा हा हिशेब आहे. तरीही आमच्याकडे आलेल्या कागदांत इनव्हॉइसवर एक वजन, पॅकिंग लिस्टवर दुसरे आणि फायटोवर तिसरे असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. कोणी पाटांचे वजन धरलेले नसते, कोणी नमुन्यासाठी उघडलेली खोकी वजा करून बसतो. ज्यास व्यवहारात ‘फायटो’ म्हणतात तो रोपस्वास्थ्याचा दाखला सरकारी अधिकारी देतो. त्यावर खाडाखोड चालत नाही. शिपिंग बिल सीएचए संगणकावर भरतो. मालाची जकात-खात्याची संज्ञा त्यावर असते. ताज्या द्राक्षाची ०८०६१०००, डाळिंबाची ०८१०९०१०. कस्टम्सच्या अधिकाऱ्याने ‘लेट एक्स्पोर्ट’चा हुकूम दिला की माल देशाबाहेर जाण्यास मोकळा झाला. त्यानंतर जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग. ह्या सर्व कागदांवर खोक्यांची संख्या, वजन, पेटीचा क्रमांक आणि सीलचा क्रमांक अक्षरशः एकच असावा. सीएचए कितीही हुशार असला, तरी आपण त्यास जे आकडे देतो तेच तो भरतो.

जकात-खात्यास आपल्याकडे शिव्या घालण्याची पद्धत आहे. तीविषयी एक आठवण द्यावीशी वाटते. १६७१ साली शिवछत्रपतींनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र पाठवून बारदेशाकडून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसविण्यास सांगितले; कारण ते मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडाला असता. नाक्यावरचा माणूस केवळ पैसे गोळा करावयास बसलेला नसतो. आपल्या मुलखातील धंद्याची राखण हेही त्याचे काम असते. रॉटरडॅमचा किंवा सिडनीचा अधिकारी आपल्या खोक्याकडे संशयाने पाहतो, तेव्हा तो त्याच्या शेतकऱ्याची राखण करीत असतो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते.

कागदाने फळास कसे बुडविले ह्याचे उदाहरण फार जुने नाही. मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेस गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व अटलांटा येथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. त्या आंब्यावर ८ व ९ मे रोजी नवी मुंबईत विकिरणाची प्रक्रिया झाली होती. आंब्यात कीड सापडली नव्हती. आक्षेप होता तो प्रक्रियेसंबंधीच्या ‘पी.पी.क्यू. २०३’ नावाच्या प्रपत्राविषयी. चूक कोणाची ह्यावर दोन्हीकडून निरनिराळे सांगण्यात आले. माल परत आणा अथवा नष्ट करा, असे निर्यातदारांस बजावण्यात आले; आणि परत आणण्याचा खर्च पाहता त्यांनी तो तेथेच नष्ट होऊ दिला. नुकसानीचा अंदाज सुमारे पाच लाख डॉलरांचा प्रसिद्ध झाला. तो आंबा कोणा बागाईतदाराने वर्षभर राखलेला होता. त्याने ते प्रपत्र कधी डोळ्यांनी पाहिलेही नसेल.

द्राक्षवाल्यांस २०१० सालही आठवत असेल. युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड ह्या वाढ रोखणाऱ्या द्रव्याचा अंश मर्यादेबाहेर सापडला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडील तपासणीच्या यादीत तोवर ते द्रव्य नव्हते. माल तिकडे अडकला, भाव कोसळले, आणि ज्यांनी ते औषध कधी वापरले नव्हते त्यांचीही द्राक्षे त्याच भावात गेली. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला तेव्हाही तसेच झाले. आदल्या वर्षी भारतातील फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड आढळली होती. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला, परंतु मधला हंगाम हातचा गेला तो गेलाच. द्राक्षांसाठी २००६ पासून ग्रेपनेटची व्यवस्था आहे. बागेची नोंदणी, तिचा क्रमांक, नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी असे सर्व त्यात येते, आणि खोक्यावरील क्रमांकावरून बागेपर्यंत माग काढता येतो. ह्या साखळीची पहिली कडी म्हणजे आपली फवारणीची वही. ती वही हंगामाच्या शेवटी एका बैठकीत, एकाच शाईने लिहून काढण्याची जी रीत काही घरांत पडली आहे, ती आम्हांस मुळीच पसंत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री गृहपाठाची वही भरणारे विद्यार्थी आम्ही पस्तीस वर्षे पाहिले आहेत. तपासणाऱ्यास ते पहिल्या पानावरच कळते.

काळजीच्याच गोष्टी सांगितल्या असे होऊ नये म्हणून एक चांगली वार्ताही सांगतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून डाळिंबाची ५.७ टनांची खेप, तीन-तीन किलोंची १,९०० खोकी, ६ डिसेंबर २०२४ रोजी समुद्रमार्गे निघाली आणि १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीस पोहोचली. अडतीस दिवस फळ टिकले. विमानाच्या भाड्यापुढे हात टेकलेल्या डाळिंब उत्पादकास ह्याचे मोल निराळे सांगावयास नको.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत जोखमीचा विषय. निर्यात करण्यासाठी आय.ई.सी. नावाचा क्रमांक लागतो. आता तो आपल्या पॅन क्रमांकासारखाच असतो, थोड्या शुल्कात घरबसल्या मिळतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून ह्या काळात त्याची माहिती खरी असल्याचे पुन्हा कळवावे लागते. न कळविल्यास तो निष्क्रिय होतो. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ मुलांनी तो हौसेने काढला आहे. हौस चांगली आहे. परंतु ह्या मुलांकडे काही गोड बोलणारी माणसे येऊ लागली आहेत. माल आमचा, भांडवल आमचे, तुम्ही केवळ नाव द्या; दर पेटीमागे इतके रुपये. बेकार बसलेल्या मुलास हे पैसे फुकटचे वाटतात.

ते फुकटचे नाहीत. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या ५० व्या कलमानुसार शिपिंग बिल सादर करणारा निर्यातदार त्यातील मजकूर खरा असल्याचे लिहून देत असतो. जाणूनबुजून खोटे लिहून दिले तर ११४ एए ह्या कलमाखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. पेटीत डाळिंबाखाली दुसरेच काही निघाले, किंवा किंमत फुगवून लिहिलेली निघाली, तर चौकशीची नोटीस त्या गोड बोलणाऱ्याच्या दारी जात नाही. ती ज्याच्या नावाचा क्रमांक आहे त्याच्या दारी येते, आणि ते दार बहुधा आईबापांचे असते. इंदापूर तालुक्यातील आपल्या एका घरी असाच एक गृहस्थ आला होता. मुलगा तयार झाला होता. त्या मुलाची आई फारशी शिकलेली नाही. त्या माउलीने एवढेच विचारले, “ज्या कागदावर माझ्या लेकाचं नाव येणार, तो माल कुठं भरता ते आम्हांला दाखवाल का?” तो गृहस्थ पुढच्या आठवड्यात घेऊन जातो म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही.

विम्याच्या भरवशावर राहणाऱ्यांस एक सूचना. ई.सी.जी.सी. ही निर्यात-पतविम्याची सरकारी संस्था १९५७ पासून आहे आणि तिचा उपयोग अवश्य करावा. परंतु तो विमा मुख्यतः परदेशी खरेदीदाराने पैसे बुडविले तर कामी येतो. आपल्याच मालात वा कागदात खोट निघाल्यामुळे माल नाकारला गेला, तर त्यावर तो मिळेल अशी आशा धरू नये. तसेच निर्यातदारास माल देताना करारात पाहावे की परक्या बंदरात माल नाकारला गेल्यास नुकसान कोणाकडे. बहुतेक करारांत हे वाक्य मागच्या पानावर बारीक अक्षरांत असते. ते वाचून होईतो सही करू नये. समोरचा माणूस घाईत असला तर त्यास चहा द्यावा.

फवारणीच्या वहीचा एक छापील नमुना आम्ही तयार करून मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. त्यात तारीख, औषधाचे पूर्ण नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण, फवारणाऱ्याचे नाव आणि काढणीपर्यंतचे दिवस असे रकाने आहेत. पाटाच्या ठशाचे एक मोठे चित्रही भिंतीवर लावले आहे. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही कार्यालयात असतो. ज्यांस करार किंवा शिपिंग बिल वाचून घ्यावयाचे असेल त्यांनी यावे. मात्र कागद छापून आणावेत. फोनवरील छायाचित्रातील बारीक अक्षरे आमच्या डोळ्यांस आता लागत नाहीत.